मुलगा व्यसनात आहे: पोशीरच्या पालकांनी उपचारासाठी कुठे जावे, कसे जावे

नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोशीर लागते. गावाच्याच नावाची नदी पुढे उल्हासला मिळते. या पट्ट्यात हातभट्टी जुनीच आहे. मात्र जमिनी विकल्या गेल्या, फार्महाऊस उभी राहिली, शनिवार-रविवारची गर्दी वाढली आणि तरुण पोरांच्या हातात एकदम पैसा आला. त्याबरोबर गांजा आला, गोळ्या आल्या, एमडी आले. डिसेंबर २०२३ मध्ये शेजारच्या खालापूर तालुक्यात, खोपोलीजवळच्या ढेकू गावातल्या एका कारखान्यावर रायगड पोलिसांनी छापा घातला, तेव्हा शंभर कोटींहून अधिक किमतीचे एमडी सापडले. हा प्रश्न आता फक्त मुंबईचा राहिलेला नाही.

ज्यांचा मुलगा किंवा मुलगी यात सापडली आहे, त्या आईवडिलांसाठी हा लेख आहे. त्यात एक आग्रह आहे: मूल 'हो' म्हणेपर्यंत थांबू नका, आधी तुम्ही जा. आणि केंद्राचा पत्ता शोधण्याआधी डॉक्टर गाठा.

आधी आईवडिलांनी जावे

"तो यायलाच तयार नाही, मग आम्ही जाऊन काय करणार?" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. त्यामुळे महिने जातात, कधी वर्षे जातात. खरे तर मानसोपचार विभागाच्या ओपीडीत एकटे आईवडील गेले तरी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले जाते. रुग्ण समोर नसताना डॉक्टर औषध लिहून देणार नाहीत, देऊही नये. पण मुलाची हालत किती गंभीर आहे, घरी काय करायचे, काय टाळायचे, धोक्याची खूण कोणती आणि त्याला तयार कसे करायचे, एवढे तर नक्की सांगतील. पहिल्या भेटीत एवढे मिळाले तरी खूप आहे.

जाताना एका कागदावर लिहून न्या. काय घेतो, कधीपासून, रोज घेतो का, शेवटचे कधी घेतले, मध्ये बंद केले तेव्हा काय झाले, फिट आली होती का, झोप कशी आहे, कानात आवाज येतात असे म्हणतो का, मरण्याचे बोलतो का, पूर्वी कुठली औषधे चालू होती. डॉक्टरसमोर बसल्यावर आईला रडू येते, वडील गप्प होतात आणि महत्त्वाचे तेच सांगायचे राहून जाते. कागद असला की राहत नाही.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळतो, असे त्यात दिसले. उरलेल्या ३७ जणांच्या घरी काय चालले असेल, हे या तालुक्यात कोणाला सांगावे लागणार नाही. लाज हे त्यातले मोठे कारण. "गावात कळेल" ही भीती खोटी नाही, आणि ठाण्या-मुंबईच्या ओपीडीचा एक फायदा असा की तिथे पोशीरचे ओळखीचे कोणी सहसा भेटत नाही.

काय घेतो, ते आधी कळू द्या

'व्यसन' म्हटले की सगळे एकात गोळा होते, पण उपचार पदार्थागणिक बदलतो. दारू, गांजा, गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, झोपेच्या गोळ्या, कोडीनचे खोकल्याचे औषध, एमडी, व्हाइटनर किंवा पंक्चरचे सोल्यूशन हुंगणे. प्रत्येकाची चाल वेगळी.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. ते घेणारा मुलगा दोन-दोन रात्री झोपत नाही, जेवत नाही, झपाट्याने वाळतो, दात खातो, संशय घेतो. नशा उतरली की दिवसभर पडून राहतो आणि मनाने अगदी खचतो. त्या उतरत्या काळात आत्महत्येचा विचार येऊ शकतो, म्हणून तेव्हा त्याला एकटे सोडू नका. गांज्याने काही मुलांच्या डोक्यात भास आणि भ्रम सुरू होतात. "शेजारी माझ्याबद्दल बोलतात", "मोबाइलमधून कोणी बघतंय" असे तो म्हणू लागला, तर बाहेरची बाधा शोधत बसू नका, त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

हुंगण्याचे पदार्थ लहान मुलांत जास्त आढळतात. एम्सच्या पाहणीत १० ते १७ वयातल्या मुलांत हे प्रमाण १.१७ टक्के, तर मोठ्यांत ०.५८ टक्के होते. सगळ्या पदार्थांत लहानांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असलेला हा एकच. वीस-तीस रुपयांची वस्तू म्हणून घरात त्याकडे दुर्लक्ष होते. पण हुंगता हुंगता हृदयाचे ठोके बिघडून मूल जागेवर दगावू शकते, आणि हे पहिल्याच वेळीही घडू शकते.

घरी कोंडून एकदम बंद करू नका

हा भाग सगळ्यात काळजीने वाचा, कारण इथे जीव जातो.

रोज सकाळपासून पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो: माणसे ओळखत नाहीत, अंगावर किडे चढताहेत असे वाटते, ताप चढतो, अंग थरथरते. वैद्यकात याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचाराविना यात माणूस मरू शकतो. रुग्णालयात योग्य गोळ्या ठरवून दिल्या, हळूहळू कमी केल्या, तर हा काळ सुखरूप पार पडतो. त्यामुळे बाबाचा अंगारा लावून खोलीत बंद करणे किंवा "आता कळू दे त्याला" म्हणून दोरीने बांधणे, या दोन्ही गोष्टी क्रूर तर आहेतच, त्याहून जास्त धोकादायक आहेत. झोपेच्या गोळ्यांचेही तसेच. त्याही एकदम बंद केल्या तर फिट येते.

गावाकडे दारुड्या अशक्त झाला की सलाईन लावायची पद्धत आहे. बरीच वर्षे पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार कमी झालेले असते. तशात नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. डॉक्टरांना "हा रोज पितो" हे स्पष्ट सांगा आणि बी-१चे इंजेक्शन आधी द्यायचे का, असे विचारा. विचारण्यात काही गैर नाही.

गर्दचे वेगळे. ते थांबले की जी हालत होते तिला घेणारी मुले 'टर्की' म्हणतात: हाडे दुखतात, नाक-डोळे वाहतात, जुलाब लागतात, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वात जास्त असते आणि आठवडाभरात ओसरते. सहसा जीव जात नाही, पण त्रास असा की पोरगा खिडकी तोडून पळतो. यावर ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे आहेत, ती सरकारी व्यसनोपचार केंद्रांत देखरेखीखाली देतात. त्याला हा त्रास सोसायलाच लावणे म्हणजे उपचार, असे मानणारी काही माणसे अजून आहेत. त्यांचे ऐकू नका.

फिट, बेशुद्धी, भ्रम किंवा श्वास मंदावणे यातले काहीही दिसले की १०८ ला फोन करा.

दोन फोन नंबर

१४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. ती सामाजिक न्याय मंत्रालयाची. 'नशामुक्त भारत अभियान' १५ ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाले, तेही याच मंत्रालयाचे. फोन मोफत आहे. आपल्या जवळचे सरकारी अनुदान असलेले केंद्र कुठले आणि तिथे जायचे कसे, हे इथे विचारावे. १४४१६ म्हणजे टेलि-मानस, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास चालते, मराठीतून बोलता येते. मुलगा मरण्याचे बोलतोय, घरात तोडफोड झाली आहे, रात्री दोन वाजता काय करावे सुचत नाही, अशा वेळी हा नंबर. आईने स्वतःच्या जीवासाठी फोन केला तरी चालतो.

पोशीरहून जवळचे दवाखाने

नेरळ किंवा कळंबचे प्राथमिक आरोग्य केंद्र ही पहिली पायरी. तिथे मानसोपचारतज्ज्ञ नसतात, पण फिट, जखम, कावीळ, अशक्तपणा यांची तपासणी होते आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळते. त्यानंतर कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर किंवा समुपदेशक तिथे कोणत्या दिवशी भेटतात, हे चौकशी खिडकीवर विचारून घ्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे, पण पोशीरच्या माणसाला अलिबागपेक्षा ठाणे सोपे.

नेरळला लोकलमध्ये बसले की मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर मोठी सरकारी आणि पालिकेची रुग्णालये ओळीने लागतात, हे आपल्या फार कामाचे आहे. कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. ठाण्याला प्रादेशिक मनोरुग्णालय, १९०१ पासून चालू असलेले. पुढे शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचे केईएम, भायखळ्याचे जे. जे. ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, त्यांना मानसोपचार विभाग आहे. केईएममध्ये व्यसनोपचाराचे वेगळे केंद्रच आहे.

'मनोरुग्णालय' हा शब्द ऐकला की घरातले दचकतात. "आमचा पोरगा वेडा नाही हो." वेडा नाहीच. पण व्यसन मेंदूच्या कामात बिघाड करते, त्याची औषधे मानसोपचारतज्ज्ञच देतात, आणि ओपीडीत दाखवणे म्हणजे दाखल करणे नव्हे. रांगेतली बरीच माणसे औषध घेऊन दुपारच्या लोकलने घरी जातात.

एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. कर्जतजवळ वेणगावला श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन आहे. तिचे संस्थापक डॉ. भरत वटवानी यांना त्या कामासाठी २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तालुक्यात अनेक जण व्यसनी मुलासाठी तिथे बोट दाखवतात. पण रस्त्यावर भटकणाऱ्या बेघर मनोरुग्णांना बरे करून त्यांच्या घरी पोचवणे हे त्या संस्थेचे काम आहे. ते फार मोठे काम आहे, आपल्या गरजेपेक्षा वेगळे.

मुक्तांगण आणि इतर संस्था

१९८० च्या दशकात पुण्यात गर्दने तरुण पोरे वेढली गेली. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत पुढे केली. डॉ. अनिता (सुनंदा) अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. उपचार घेणाऱ्याला तिथे 'रुग्णमित्र' म्हणतात. मारहाण न करता, माणसाला माणूस म्हणून वागवून व्यसन सोडवता येते, हे महाराष्ट्राने इथे पाहिले. १९९७ मध्ये अनिताताई गेल्या. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर पुढे काम सांभाळते आहे. निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. नंतर फॉलोअप असतो, कुटुंबासाठी गट असतात, स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे.

मुलीबद्दल इथे थांबून बोलले पाहिजे. मुलगी पिते, गोळ्या घेते हे घर शेवटपर्यंत लपवते, कारण तिचे लग्न व्हायचे असते. ती मुलांपेक्षा उशिरा उपचाराला पोचते आणि जास्त आजारी होऊन पोचते. स्त्रियांची राहण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. फोनवर पहिल्यांदा तेच विचारा.

मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेली कृपा फाउंडेशन आहे, तिचे वसईलाही केंद्र आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, सभा मोफत असतात. ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिथे डॉक्टर नसतो. दारू सोडलेली माणसे एकमेकांना धरून राहतात. पंचविशीतल्या पोराला स्वतःच्या वयाचा कोणीतरी दोन वर्षे न पिता समोर बसलेला दिसतो, आणि याचा परिणाम आईच्या शंभर शपथांपेक्षा वेगळा असतो.

केंद्र निवडताना

गेल्या काही वर्षांत खाजगी 'व्यसनमुक्ती केंद्रे' खूप निघाली. काही चांगली आहेत. काहींत मारहाण होते, पोरांना साखळीने बांधतात, फोन करू देत नाहीत. जाहिरातीवर किंवा रिक्षाच्या मागच्या बोर्डावर जाऊन पैसे भरू नका.

मानसिक आरोग्य काळजी कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था त्यात मानसिक आजारातच धरल्या आहेत. म्हणून अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. ते नोंदणीपत्र भिंतीवर आहे का, ते बघा. मानसोपचारतज्ज्ञ कोण, आठवड्यात किती वेळा येतात, त्यांचे नाव विचारा. रात्री फिट आली तर कोणत्या रुग्णालयात नेता, हे विचारा. मुलगा राहणार ती खोली आणि संडास स्वतः पाहा. "आत जाता येत नाही" असे म्हटले, तर तिथूनच परत फिरा. आठवड्यात किती वेळा भेटता येईल, बिलात काय काय धरले आहे, मध्येच घरी आणले तर पैसे परत मिळतात का, हे पैसे भरण्याआधी कागदावर घ्या. शंभर टक्के हमी देणारा खोटे बोलतो.

काही केंद्रे "आमची माणसे येऊन उचलून नेतील" असे सांगतात. रात्री गाडी येते, चार माणसे पोराला धरून नेतात. हतबल झालेल्या बापाला ही सुटका वाटते, ते समजते. पण अशा मुलाचा आईबापावरचा विश्वास तुटतो, पुढचा उपचार अवघड होतो, आणि सज्ञान माणसाला असे नेण्याची कायद्यात मुभा नाही.

कायदा: अठराच्या आत आणि अठराच्या पुढे

मुलगा अठरा वर्षांचा झाला की दाखल होण्याचा निर्णय त्याचा असतो. स्वतःहून दाखल झाला तर स्वतःच्या मागणीवर तो घरी जाऊ शकतो. डॉक्टरांना धोका वाटला तर तपासणीसाठी त्याला २४ तास थांबवता येते. त्याची समज इतकी गेली आहे की तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतो आहे, किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही, अशा वेळी मानसिक आरोग्य काळजी कायद्याच्या कलम ८९ खाली त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. त्यासाठी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर, अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. साखळीने बांधण्याला कायद्यात कुठल्याही रूपात बंदी आहे.

अठराच्या आतल्या मुलासाठी अर्ज पालक करतात. इथेही दोघांची तपासणी लागते. मोठ्या रुग्णांपासून त्याला वेगळे ठेवावे लागते, आणि दाखल असेपर्यंत पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने त्याच्यासोबत राहायचे असते. मुलगी असेल तर सोबत बाईमाणूस हवे. दाखल केल्याची माहिती ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवतात. म्हणून "सोळा वर्षांचा आहे, सोडून जा, तीन महिन्यांनी या" म्हणणारे केंद्र नियम मोडते आहे, हे ओळखा.

शिवाय किशोरवयीन मुलाला बहुतेकदा केंद्रात ठेवायची गरजही नसते. ओपीडी, समुपदेशन, आईवडिलांच्या बैठका आणि शाळा चालू, हे त्याच्यासाठी जास्त बरे. दहावी-बारावीचे वर्ष सोडवून त्याला चाळिशीतल्या दारुड्यांमध्ये बसवले, तर तो तिथून नव्या गोष्टी शिकून येतो. शाळेत सगळ्यांना सांगू नका. एक विश्वासू शिक्षक निवडा, त्यांना खरे सांगा.

पोलिसांची भीती

"दवाखान्यात नेले तर केस होईल" म्हणून पुष्कळ लोक घरीच बसतात. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४ अ आहे. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा लागलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर त्याला त्या खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्ध्यावर सोडला तर ही सूट काढून घेता येते. विकणाऱ्याला ती नाही.

मुलाला पुडी देणारा कोण, हे तुम्हाला माहीत असते. अठराच्या आतल्या मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात बिअर आणि वाइन २१ च्या आत, बाकीची दारू २५ च्या आत देता येत नाही. गावाने मिळून ग्रामसभेत हा विषय काढला तर एकट्या घरावर रोष येत नाही.

चोरून दिलेले औषध, माळ आणि लग्न

"न सांगता जेवणातून द्या, दारू सुटेल" अशी औषधे सर्रास विकली जातात. त्यात काय आहे, हे पाकिटावर नसते. डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे. ते घेतल्यावर दारू प्यायली की छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून ते फक्त रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने देतात. भाजीत कालवून देणारी आई आपल्या मुलाला मारायला निघालेली नसते, पण तसे होऊ शकते.

माळ घालण्याचे मोल मोठे आहे. वारीला जाऊन, माळ घालून दारू सुटलेली माणसे या भागात आहेत. माळेबरोबर येणारी संगत, भजनाची संध्याकाळ, गावासमोर दिलेला शब्द, हे सगळे खरे बळ देते. रोज पिणाऱ्याने मात्र आधी डॉक्टरकडे जाऊन शरीराची दारू सुरक्षितपणे उतरवावी, मग माळ घालावी.

"लग्न करून दिले की सुधारेल" हे मात्र करू नका. त्याने मुलगा सुधारत नाही आणि एका परक्या मुलीचे आयुष्य त्यात जाते. तिच्या घरच्यांपासून हे लपवणे अन्याय आहे.

तो 'नाही'च म्हणत असेल तर

अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात रॉबर्ट मायर्स यांनी घरच्यांना शिकवण्याची एक पद्धत बसवली. १९९९ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरातला दारू पिणारा उपचाराला नकार देतो, अशा १३० जणांना त्यात घेतले होते. ज्यांना ही पद्धत शिकवली त्यांच्यापैकी ६४ टक्के घरांतला माणूस उपचाराला आला. सगळ्या नातेवाइकांनी मिळून एकदम समोर उभे राहून जाब विचारायच्या पद्धतीत ३० टक्के आले. म्हणजे 'सगळे मामा-काका बोलावून त्याला बसवू' या आपल्या नेहमीच्या उपायापेक्षा संयमाचा मार्ग दुप्पट चालला.

त्यात काय करतात? प्यायलेला असताना काहीही बोलायचे नाही. ज्या दिवशी घेत नाही त्या दिवशी आवर्जून त्याच्याजवळ बसायचे, त्याच्या आवडीचे करायचे, आणि का केले तेही सांगायचे. घेऊन आला की भांडण न करता बाजूला व्हायचे. त्याच्या वागण्याचे परिणाम त्याला भोगू द्यायचे: टपरीची उधारी भरायची नाही, कामावर "आजारी आहे" असा खोटा फोन करायचा नाही, रोख पैसे आणि जमिनीच्या व्यवहारातला हिस्सा हातात द्यायचा नाही. जेवण तोडायचे नाही. मारायचे नाही, कारण मार खाऊन तो तुमच्यावर चिडून पिण्याचे कारण मिळवतो.

मग वेळ बघायची. गाडीवरून पडला, मित्र दगावला, नोकरी गेली, अशा घटनेनंतरच्या सकाळी तो घाबरलेला असतो. त्या वेळी मागणी लहान ठेवा: "माझ्याबरोबर एकदा ठाण्याला चल. दाखल करणार नाही, फक्त बोलू." आणि शब्द पाळा. तिथे नेऊन फसवून दाखल केले, तर पुन्हा तो तुमच्याबरोबर लोकलमध्ये बसणार नाही. घरात त्याला ज्याच्याशी बोलावेसे वाटते, ती आत्या असो, धाकटा मामा असो, क्रिकेटच्या टीमचा मोठा मुलगा असो, त्या एकालाच हे काम द्या.

घरात हिंसा होत असेल, तर हे सगळे बाजूला ठेवून आधी स्वतःला आणि लहान भावंडांना सुरक्षित जागी न्या. ११२ ला फोन करणे म्हणजे मुलाशी वैर नव्हे.

परत आल्यावर

महिना-दीड महिना बाहेर राहून मुलगा घरी येतो, तेव्हा घरात सत्यनारायण होतो आणि सगळ्यांना वाटते झाले. खरा अवघड काळ इथून सुरू होतो. तोच नाका, तीच टपरी, तीच पोरे, आणि दिवसभर काम नाही. पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक. ओपीडीची तारीख चुकवू नका. औषधांच्या गोळ्या सुरुवातीला घरच्या एकाने रोज हातात द्याव्यात. नवा फोन नंबर घ्यावा. काम लगेच हवे, पण ते फार्महाऊसच्या पार्ट्या सांभाळण्याचे किंवा हॉटेलच्या बारमधले नको. शेतात, गॅरेजमध्ये, डेअरीत, कुठेही, जिथे संध्याकाळी दारू समोर येत नाही. मजुरी सुरुवातीला आईच्या खात्यावर जमा करायला तो स्वतः तयार झाला तर उत्तम.

घरातल्या लग्नात, हळदीत दारू चालते. त्या वर्षी ती बंद ठेवा, किंवा त्याला घेऊन तुम्हीच लवकर निघा. वडील स्वतः पीत असतील तर त्यांनीही थांबावे. याला पर्याय नाही.

मागे राहिलेल्या भावंडांकडेही बघा. सगळे घर एका मुलाभोवती फिरत असते, तेव्हा शहाणी मुलगी चुपचाप अभ्यास करते आणि तिच्या जेवणाकडे कोणाचे लक्ष नसते. अल-अ‍ॅनॉन हे व्यसनी माणसांच्या घरच्यांचे गट आहेत. आईने तिथे जावे, मुलगा सुधारला असो वा नसो.

पुन्हा घेतली तर

केंद्रातली मुले याला 'स्लिप' म्हणतात. ती अनेकांची होते. मधुमेहात एखाद्या महिन्यात साखर वाढली म्हणून आपण औषध फेकून देत नाही, तसेच इथे वागायचे. "एवढे पैसे खर्च केले, सगळे पाण्यात" असे त्या रात्री त्याच्यासमोर बोलू नका. दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारा: कधी घेतली, किती, कोणाबरोबर, त्याआधी काय झाले होते. लिहून ठेवा. त्याच आठवड्यात जुना केस पेपर घेऊन ओपीडीला जा. औषध बदलायचे का, गट वाढवायचा का, पुन्हा दाखल करायचे का, हे डॉक्टर ठरवतील. पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. आधी मिळालेले दिवस शरीराला उपयोगी पडलेलेच असतात.

गर्द घेणाऱ्याच्या बाबतीत इथे एक मोठा धोका आहे, तो घरच्या प्रत्येकाला माहीत असावा. महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सवय गेलेली असते. पूर्वी पचत होती तेवढीच मात्रा आता घेतली तर श्वास थांबू शकतो. ओठ निळसर, श्वास मंद आणि घरघरता, हलवूनही जाग येत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या: असे दिसले की त्याला कुशीवर वळवा, तोंड मोकळे करा, १०८ ला फोन करा आणि काय घेतले आहे ते लपवू नका. नॅलॉक्सोन नावाचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर तो शुद्धीवर येतो. शुद्धीवर आल्यावरही काही तास रुग्णालयातच ठेवा, कारण इंजेक्शनचा असर गर्दच्या आधी संपतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो.